विक्का धर्मात जादू, नीती आणि अध्यात्म एकमेकांना कसे धरून आहेत

ब्रिटनच्या संसदेने १७३५ साली जादूटोण्याविषयी जो कायदा केला, त्याने चेटकीण ठरवून फासावर चढवण्याचा कायदेशीर मार्ग बंद केला. पण आपल्या अंगी जादूची शक्ती आहे असा बहाणा करणे हा मात्र गुन्हा ठरवला. हा कायदा दोन शतकांहून अधिक काळ टिकला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, मृतात्म्यांशी संवाद साधण्याचे प्रयोग करणाऱ्या हेलन डंकन यांना त्याच कायद्याखाली नऊ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. अखेर १९५१ मध्ये तो रद्द झाला आणि त्याची जागा जाणूनबुजून फसवणूक करणाऱ्या माध्यमांना शिक्षा करणाऱ्या कायद्याने घेतली. (महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही असाच श्रद्धेपेक्षा फसवणूक, छळ आणि अघोरी कृत्ये यांवर आहे.) ब्रिटनमधील तो जुना कायदा रद्द झाल्यावर तीनच वर्षांनी जेरल्ड गार्डनर या निवृत्त सीमाशुल्क अधिकाऱ्याने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक लिहून जाहीर केले की इंग्लंडमध्ये चेटूकविद्या जाणणारे लोक अजून आहेत, ते एका देवीची आणि एका शिंगधारी देवाची पूजा करतात आणि आपण स्वतः त्यांच्यातलेच एक आहोत. आज ज्याला विक्का म्हणतात तो धर्म लोकांसमोर आला तो असा.

या धर्माकडे पाहणाऱ्याला पहिली अडचण जाणवते ती तिन्ही गोष्टींच्या एकत्र असण्याची. जादू म्हणजे जग आपल्या इच्छेप्रमाणे वळवणे, धर्म म्हणजे आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी नमणे आणि नीती म्हणजे स्वतःला आवर घालणे, असे मानले तर तिघींच्या दिशा वेगवेगळ्या आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे विक्काने ही अडचण अशी सोडवली आहे की नीतीचा लगाम जादूवर बाहेरून चढवावा लागत नाही; जादूची जी कल्पना तेथे आहे तिच्यातूनच नीतीचा बराचसा भाग निघतो आणि त्या कल्पनेच्या मुळाशी देवत्व जगाच्या बाहेर कोठे नसून जगातच आहे हा विश्वास आहे. बराचसा असे म्हटले, सगळा असे म्हटले नाही. जेथे तो निघत नाही तेथे विक्कन लोकांचे आपापसांत वाद आहेत आणि ते वादच या विषयातला सर्वांत वाचनीय भाग आहेत.

आधी थोडा इतिहास. गार्डनर यांचा जन्म १८८४ चा, लिव्हरपूलजवळचा. तरुणपण आणि नोकरीची वर्षे सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे गेली आणि १९३६ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळाने १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा दिली आणि हे मंडळ ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेल्या धर्माचा शेवटचा धागा होते, असे त्यांचे सांगणे होते. युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून मारले त्या बायका एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या, हा मार्गारेट मरी यांनी १९२१ मध्ये मांडलेला सिद्धान्त त्यांना आधाराला होता. इतिहासकारांनी तो सिद्धान्त पुढे मोडीत काढला. ब्रिस्टल विद्यापीठातील रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये सविस्तर दाखवून दिले की विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे आणि त्याच्या घडणीत फ्रीमेसनरी या गुप्त बंधुसंघाचे दीक्षाविधी, व्हिक्टोरियन काळातील गूढविद्येची मंडळे, ब्रिटिश गूढवादी अ‍ॅलेस्टर क्राउली यांचे लेखन आणि इंग्लिश लोकपरंपरेतील तोडगे असे बरेच काही मिसळले आहे. आज बहुतेक जाणते विक्कन हे मान्य करतात, आणि त्यांनी ते मान्य करावे यात त्यांची काही हानी आहे असे मला वाटत नाही. धर्म नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. एक गोष्ट मात्र मराठी वाचकाने मनात वेगळी ठेवावी: इंग्लंड-अमेरिकेतील सुशिक्षित माणसाने चेटकीण हे नाव आपणहून अभिमानाने घेणे आणि नंदुरबारच्या सातपुड्यातील एखाद्या बाईला गावाने डाकीण ठरवून छळणे, या दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

आता प्रत्यक्ष विधी काय असतो ते पाहू. गार्डनर यांच्या परंपरेत साधक ज्या लहान मंडळात एकत्र येतात त्याला कव्हन म्हणतात आणि त्याचे नेतृत्व मुख्य पुरोहित स्त्रीकडे असते. विधीसाठी जमिनीवर नऊ फूट व्यासाचे वर्तुळ आखतात. अथामे नावाच्या काळ्या मुठीच्या सुरीने ते हवेत पुन्हा रेखले जाते. या सुरीने प्रत्यक्षात काहीही कापायचे नसते, त्या कामासाठी पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी असते. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी अशी तत्त्वांची आवाहने होतात, मग देवी आणि देव यांना बोलावले जाते. त्यानंतर काही विशिष्ट काम असेल, म्हणजे कोणाचे आजारपण असेल, कोणाला नोकरी हवी असेल, तर सर्व जण हात धरून वर्तुळात नाचतात, एखादे पद पुन्हा पुन्हा म्हणतात, गती वाढवत नेतात आणि ठरलेल्या क्षणी सगळे एकदम थांबून मनातला हेतू सोडून देतात. या वेळी उभ्या राहणाऱ्या शक्तीचा शंकू वर्तुळावर तयार होतो, अशी कल्पना आहे. शेवटी केक आणि मद्य सर्वांनी वाटून घ्यायचे, देवतांचे आभार मानायचे आणि वर्तुळ मोडायचे.

यात जादूचा भाग किती थोडा आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. वर्षभरात सूर्याच्या गतीशी जोडलेले आठ सण असतात. त्यात ३१ ऑक्टोबरचा सावन हा मृतांच्या स्मरणाचा, १ मेचा बेल्टेन हा वसंतातील बहराचा, तर मधल्या काळात दोन अयनदिन आणि दोन विषुवदिन येतात. हे सण बहुधा निव्वळ उत्सव आणि पूजा यांसाठी राखलेले असतात. जादूचे काम पौर्णिमेच्या बैठकांकडे सोपवले जाते. म्हणजे सरासरी विक्कन माणसाच्या धार्मिक आयुष्यात मंत्र-तोडग्यांपेक्षा ऋतूंचे भान अधिक जागा व्यापते.

तरीही जादू म्हणजे नेमके काय, हे टाळून पुढे जाता येत नाही. क्राउली यांनी जादूची व्याख्या इच्छेनुसार बदल घडवून आणण्याचे शास्त्र आणि कला अशी केली होती. त्यांच्या नंतरच्या डायन फॉर्च्यून या इंग्लिश लेखिकेच्या नावावर सांगितली जाणारी व्याख्या त्यात एक महत्त्वाचा फेरफार करते: जादूने बदलायची आहे ती जाणीव. विक्कन लोकांत दोन्ही समजुती शेजारी शेजारी नांदतात. काहींच्या मते सृष्टीत एक शक्ती खेळते आहे आणि प्रशिक्षित मन तिला वळण देऊ शकते. काहींच्या मते विधी हे साधकाच्या मनाला एकाग्र, निर्भय आणि सावध करण्याचे साधन आहे आणि बाहेर जो बदल होतो तो त्या बदललेल्या माणसाच्या वागण्यातून होतो. मंत्राने दूरवरच्या घटना बदलतात याला वैज्ञानिक पुरावा नाही, हे येथे स्वच्छ सांगायला हवे. पण दुसऱ्या समजुतीसाठी तसा पुरावा लागतही नाही. नोकरीसाठी हिरवी मेणबत्ती लावून संकल्प करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी अर्ज भरले नाहीत तर त्याची जादू अर्धवट राहिली, असे विक्काचे शिक्षकच सांगतात.

या ठिकाणी नीती प्रवेश करते. संकल्प सोडण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे, ते का हवे आहे आणि ते मिळाल्याने कोणाचे काय बिघडेल, हे तीन प्रश्न साधकाला स्वतःला विचारावे लागतात, कारण अस्पष्ट हेतूने काही साधत नाही असे त्याला शिकवलेले असते. हेतू तपासणे हा जादूच्या तंत्राचाच भाग झाल्याने आत्मपरीक्षण आपोआप विधीत शिरते. विक्काचे सर्वांत प्रसिद्ध नीतिवचनही याच ठिकाणी बसते. त्याचा आशय असा: कोणाला इजा होत नसेल, तर तुला हवे ते कर. मूळ इंग्रजीत ते आठ शब्दांचे आहे आणि गार्डनर यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएन्टी यांनी ते १९६४ मधील एका भाषणात आजच्या रूपात जाहीरपणे उच्चारले. गार्डनर यांनी त्याआधी तशाच अर्थाचे वाक्य १९५९ च्या पुस्तकात दिले होते, आणि गंमत म्हणजे ते त्यांनी एका फ्रेंच कादंबरीतील विलासी राजाच्या तोंडचे म्हणून दिले होते. क्राउली यांचेही एक सूत्र होते, तुला हवे ते कर हाच सगळा नियम. त्यात इजेची अट नव्हती. ती अट जोडली गेल्याने सूत्राचा तोल पूर्ण बदलला.

हे वचन आज्ञा म्हणून दिलेले नाही, सल्ला म्हणून दिले आहे, आणि विक्कन लोक हा फरक आवर्जून सांगतात. त्याची रचना नीट पाहिली तर ते परवानगी देते, मनाई करत नाही. ज्याने कोणाला इजा नाही ते खुशाल करावे, एवढे ते सांगते. ज्याने थोडीफार इजा होणारच, अशा कृतीचे काय करायचे, याबद्दल ते गप्प आहे. शेतातली कीड मारणे, न पटणारे लग्न मोडणे, भ्रष्ट वरिष्ठाविरुद्ध साक्ष देणे, या सगळ्यांत कोणाला ना कोणाला इजा आहेच. त्यामुळे हे वचन एखाद्या संहितेसारखे वापरू गेले की ते तोकडे पडते. त्याचा खरा उपयोग परिणामांचा विचार करण्याची सवय लावण्यात आहे, आणि इजा होऊ नये अशांत साधक स्वतःही येतो, हे त्याचे कमी सांगितले जाणारे अंग आहे.

वशीकरणाचे उदाहरण घेतले की हे सगळे एका जागी दिसते. समजा एखाद्या तरुणाला एका विशिष्ट मुलीचे मन आपल्याकडे वळवण्यासाठी प्रयोग करायचा आहे. वरवर पाहता त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नाही. प्रेमच मागितले आहे. तरीही विक्काचे बहुसंख्य शिक्षक त्याला नकार देतात. कारण प्रयोग सफल झाला असे मानले, तर त्या मुलीची इच्छा तिची राहत नाही. आणि दुसऱ्याची इच्छा हिरावून घेणे हीच या धर्मात सर्वांत मोठी इजा मानली जाते. त्याला असा सल्ला मिळतो की व्यक्तीचे नाव काढून टाक, मी प्रेमाला लायक व्हावे आणि योग्य माणूस भेटावा एवढाच संकल्प कर. याच तर्काने आजारी माणसासाठी विधी करायचा असला तरी आधी त्याची संमती घ्यावी असे अनेक मंडळे मानतात. जादूवर विश्वास नसलेल्या वाचकालाही यातील नैतिक दृष्टी ओळखता येईल: दुसऱ्यासाठी चांगले करण्याच्या भरात त्याला न विचारता त्याच्या आयुष्यात हात घालू नये.

दुसरा प्रसिद्ध नियम तिपटीचा. तुम्ही जगात जे सोडता, चांगले असो वा वाईट, ते तुमच्याकडे तिपटीने परत येते. मराठी वाचकाला यात कर्मसिद्धान्ताची ओळख पटेल आणि तो संबंध अगदीच काल्पनिक नाही, कारण कर्माची कल्पना पाश्चात्त्य गूढवादी वर्तुळांत रुजवण्यात अड्यारला मुख्यालय असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचा मोठा वाटा होता. पण या नियमाचे मूळ रूप निराळेच दिसते. गार्डनर यांनी १९४९ मध्ये लिहिलेल्या कादंबरीतील दीक्षाविधीत नवसाधकाला सांगितले जाते की तुला जे चांगले मिळेल ते तू तिपटीने परत केले पाहिजेस. ते माणसाचे कर्तव्य होते. पुढे, विशेषतः विक्का अमेरिकेत नेणाऱ्या रेमंड बकलंड यांच्या लेखनातून, तो सृष्टीचा नियम बनला: कर्तव्याची जागा बक्षीस आणि शिक्षा यांनी घेतली. मला हा बदल घसरणीचा वाटतो. तिप्पट फटका बसेल म्हणून शाप न देणारा माणूस सावध असेल, त्याला नीतिमान म्हणणे कठीण आहे. खुद्द व्हॅलिएन्टी यांनाही हा नियम पटला नव्हता; जादू जाणणाऱ्यांसाठी कर्माचा एक खास नियम आणि बाकीच्या जगासाठी दुसरा, असे का असावे, असा त्यांचा आक्षेप होता.

व्हॅलिएन्टी आणि गार्डनर यांच्यातील एका भांडणातून या धर्माचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. व्हॅलिएन्टी यांना गार्डनर यांनीच १९५३ मध्ये दीक्षा दिली होती आणि विधींच्या हस्तलिखितातील क्राउली यांच्या उसन्या ओळी काढून त्याला काव्याचे रूप देण्याचे काम त्यांनी केले होते. गार्डनर यांना वृत्तपत्रांतील प्रसिद्धीचा मोह होता. त्यावर काही बंधन असावे अशी मागणी १९५७ मध्ये मंडळातील काही जणांनी केली. त्यावर गार्डनर यांनी चेटूकविद्येचे प्राचीन नियम म्हणून एक लांबलचक यादी पुढे केली. ती आजवर कोणी पाहिलेली नव्हती, भाषा बनावट जुन्या वळणाची होती आणि त्यात वय वाढलेल्या पुरोहित स्त्रीने तरुण स्त्रीसाठी आनंदाने पद सोडावे असे एक कलम होते. व्हॅलिएन्टी आणि त्यांचे सहकारी मंडळ सोडून गेले. देवीची पूजा करणाऱ्या धर्मात एका पुरुषाने ऐन वेळी असे कलम काढावे, यावर वेगळे भाष्य नको. पण तेव्हापासून एक गोष्ट या परंपरेत मुरली: प्राचीनतेच्या नावाने आलेला नियम मुकाट्याने स्वीकारायचा नाही.

त्याचा परिणाम असा की मोठे नैतिक प्रश्न येथे उघडेच राहतात. हल्लेखोराला शाप द्यावा का, हा त्यांपैकी एक. अमेरिकेत केवळ स्त्रियांसाठी असलेल्या डायानिक परंपरेच्या झुझाना बुडापेस्ट यांनी स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्यांविरुद्ध असा प्रयोग समर्थनीय मानला. इतरांनी मधला मार्ग म्हणून बंधनाचा प्रयोग सुचवला, ज्यात समोरच्याचे वाईट चिंतायचे नसते, त्याने आणखी इजा करू नये एवढाच हेतू असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध अनेकांनी मिळून असा बंधनप्रयोग केला तेव्हा हाच वाद उफाळला. बंधन हीसुद्धा दुसऱ्याच्या इच्छेवर सक्तीच आहे असे एक बाजू म्हणत होती. दुबळ्यांना इजा होताना हात बांधून बसणे हीही इजाच, असे दुसरी. दोन्ही बाजू त्याच आठ शब्दांचा आधार घेत होत्या.

अध्यात्माचा धागा या सगळ्याखालून जातो. देवी निसर्गाबाहेर बसून निसर्ग चालवत नाही. माती, चंद्र, शरीर, पीक, मृत्यू ही तिचीच रूपे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टारहॉक यांनी १९७९ पासूनच्या लेखनात ही कल्पना विस्ताराने मांडली: देवत्व जगात भरलेले आहे आणि म्हणून जगातील सगळे एकमेकांशी जोडलेले आहे. मग जादू आणि राजकारण यांतील भिंतही पातळ होते; १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या सत्याग्रहात त्या आंदोलकांसोबत होत्या. व्हॅलिएन्टी यांनी देवीच्या तोंडी रचलेल्या आवाहनातही मनाई जवळजवळ नाही, गुणांच्या जोड्या आहेत: सौंदर्य आणि बळ, सामर्थ्य आणि करुणा, सन्मान आणि नम्रता, आनंद आणि आदर. त्याच रचनेत साधकाला सांगितले आहे की जे शोधतो आहेस ते आत सापडले नाही तर बाहेर कधीच सापडणार नाही. आपल्याकडील संतवाङ्मयाचा संस्कार असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल.

पण येथेच एक खरा भेदही आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत विभूतिपादात सिद्धींची लांबलचक यादी येते आणि त्याच पादात त्या समाधीतील अडथळे आहेत असेही बजावले जाते. चमत्कार करता येणे ही आपल्या परंपरेत साधकाची कसोटी पाहणारी पायरी आहे, ती ओलांडून जायची असते. विक्कामध्ये ही पायरी ओलांडायची नसते. येथे शरीर, सुख आणि इच्छा यांपासून सुटका मिळवणे हे ध्येयच नाही, कारण तीच देवीची क्षेत्रे आहेत. म्हणून इच्छा मारण्याऐवजी ती शुद्ध आणि स्पष्ट करण्यावर भर येतो आणि जादू हा त्या शुद्धीचा रियाज ठरतो. त्यात धोकाही आहे. इच्छेला पवित्र मानणाऱ्या मार्गावर हाव सहज आध्यात्मिक वेश धारण करू शकते, आणि आज ऑनलाइन दुकानांत पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या मंत्रप्रयोगांकडे पाहिले की तो धोका पुस्तकी नाही हे पटते. गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घ्यायचे नाहीत हा संकेत आहे, तो यासाठीच.

जादू आणि धर्म यांचे हे नाते एकदा न्यायालयालाही तपासावे लागले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हर्बर्ट डेटमर या कैद्याने विक्काच्या विधींसाठी मेणबत्त्या, धूप, मीठ किंवा गंधक, टोपीचा पांढरा झगा आणि ध्यानाच्या तंद्रीतून जागे होण्यासाठी स्वयंपाकघरातले घंटी वाजवणारे घड्याळ मागितले. सरकारचा युक्तिवाद होता की विक्का हा धर्मच नव्हे. श्रद्धोपचार, आत्मसंमोहन, टॅरो आणि मंत्रप्रयोग यांची ती मोट आहे आणि यातली कोणतीही एक गोष्ट सुटी घेतली तर तिला कोणी धर्म म्हणणार नाही. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. ध्यानही सुटे घेतले तर धार्मिक ठरत नाही, पण म्हणून ध्यान करणारे प्रस्थापित धर्म धर्म नाहीत असे कोणी म्हणत नाही. पाहायचे ते हे की अनुयायांच्या जीवनात या आचारांमागे एक आध्यात्मिक विश्वास आणि जगण्याची दिशा आहे की नाही. विक्का धर्म ठरला. मागितलेल्या वस्तू मात्र तुरुंगाच्या सुरक्षेचे कारण देऊन डेटमर यांना नाकारल्या गेल्या. पुढे २००७ मध्ये अमेरिकी सरकारने दिवंगत विक्कन सैनिकांच्या थडग्यांवर वर्तुळातील पंचकोनी तारा कोरण्यास मान्यता दिली, आणि इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात विक्का असे लिहिले.